थैलीवालीला कळवायचं होतं

शनिवारी आई आणि मी रिंगरोडला साड्या घ्यायला गेलो. मंदामावशीच्या मुलाचं, चेतनचं, लग्न वीस दिवसांवर आलं होतं. गावाकडच्या लग्नात बायकांच्या साड्या सुरतेच्या माणसांनी आणायच्या, हे आमच्यात कधी ठरलं ते कोणालाच सांगता येणार नाही. आम्ही सुरतेत पांडेसऱ्याला राहतो. नाना, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका मिलमध्ये कापड रंगवतात. आई घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायचं काम करायची. त्यामुळे गावाच्या समजुतीप्रमाणे आमच्या घरी साड्या नळाला येतात.

मार्केट ठोकचं आहे. तिथे एक साडी मिळत नाही, सेट घ्यावा लागतो. सेट म्हणजे एकच डिझाइन, सहा रंगांत. म्हणून आमच्या प्रत्येक लग्नात मावश्या, काकू, माम्या एकाच वेलबुट्टीत वावरतात आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलं की एकच बाई सहा वेळा चालून गेल्यासारखी वाटते. सगळ्यांनी आपापले रंग उचलले की जो रंग कोणालाच नको असतो तो आईचा. तिच्या कपाटात शेवाळी, मातकट, तपकिरी अशा साड्यांची चळत होती. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. सेट असाच सुटतो, असं ती म्हणायची.

दुकानदार गादीवर बसून साड्या फेकत होता आणि आई अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत त्याच्याशी भांडत होती. तिथे डिझाइनना टीव्हीवरच्या मालिकांतल्या सुनांची नावं असतात. त्याने ज्या सुनेचं नाव घेतलं ती मागच्याच आठवड्यात मेली, तेव्हा भाव कमी करा, असं आईचं म्हणणं. मासी, ती परत येणार आहे, तो शांतपणे म्हणाला. आईने हे मनापासून ऐकून घेतलं. भाव थोडा उतरला, पण मला वाटतं तिला त्या बातमीचाच आनंद जास्त झाला.

मग तिने सहाही साड्या गादीवर ओळीने मांडल्या आणि बोट ठेवत वाटण्या केल्या. राणी मंदामावशीला, मोरपंखी तिच्या जावेला, असं करत तपकिरीसुद्धा एका वयस्क आत्याला गेली. शेवटी हिरवी उरली. कुठल्याही सेटमध्ये हिरवी पहिल्यांदा जाते. ती उरली म्हणजे आईने ती मुद्दाम बाजूला ठेवली होती.

"मम्मी, ही कोणाला?" मी विचारलं.

"थैलीवालीले."

मी साडीची घडी करत होते. ती करत राहिले.

"तू ओळखतेस का तिला?"

"वळखानं काय शे? ती माले वळखस ना," आई म्हणाली आणि दुकानदाराला पिशवी मजबूत द्यायला सांगितली.

थैलीवाली मी होते.

तीन वर्षांपूर्वी, गावाहून परत आल्यावर, मी सहज एक रील केली होती. चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून टेबलावर आमची प्रवासाची चौकटीची थैली ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा लावून अहिराणीत बोलले. उधना स्टेशनवर गाडी लागते तेव्हा आमची माणसं कशी चढतात, याबद्दल. आधी खिडकीतून रुमाल, मग टोपी, मग लहान मूल आत टाकून जागा धरतात; माणसांना उभं राहावं लागलं तरी चालेल, पण साड्यांच्या थैलीला खिडकीजवळची जागा लागते. "डबामां जागा नही ते काय व्हयनं, थैलीले खिडकी जोयजे," हे वाक्य आईचं होतं, जसंच्या तसं. दोन दिवसांत ती रील धुळे, नंदुरबार, जळगाव करत सगळीकडे फिरली. लोकांनी नाव पाडलं, थैलीवाली.

मी रिंगरोडच्या एका ऑनलाइन साडीवाल्याकडे काम करते. साड्यांचं वर्णन लिहायचं असतं, हिंदीत आणि इंग्रजीत, दिवसाला चाळीस. त्यात कोणी हसत नाही. संध्याकाळी थैलीसमोर बसलं की मला फार बरं वाटायचं. माझ्याकडे विषय कमी नव्हते. गावाला जाताना फरसाणाचे डबे आणि परत येताना बाजरी, तुरीची डाळ आणि भरताची वांगी. मधल्या चार दिवसांत कोण कोणाशी बोललं नाही. मालिकेतल्या सासूला आमच्या चाळीतल्या सगळ्या बायका कशा नावानिशी शिव्या देतात. एकदा आईला मॉलमध्ये नेलं होतं. तिथे एका काचेच्या दुकानात तिने बोटाला थुंकी लावून कुर्त्याचा रंग चोळून पाहिला आणि हे कापड पांडेसऱ्याचं आहे, दुसऱ्या प्रतीचं आहे, असं त्या मुलीला हिंदीत समजावून सांगितलं. मी तेव्हा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले होते. रीलमध्ये मी ते स्वतःच केल्यासारखं सांगितलं, आणि ती रील सगळ्यात जास्त चालली.

आईला तो आवाज ओळखू आला नाही, याचं एक कारण ॲप. त्याने आवाज जाड आणि वयस्क होतो. दुसरं कारण असं की आईने मला अहिराणी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. सात वर्षांची असताना शाळेत मी बाईंना काहीतरी अहिराणीत सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी ती भाषा बोलायची बंद केली. आई अहिराणीत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायची. मैत्रिणींशी गुजराती, बाहेर हिंदी. मला ती समजते पण बोलता येत नाही, असं घरात सगळे धरून चालले होते. मीही त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

मंदामावशीने आईला एक रील पाठवली, तेव्हापासून सुरू झालं. मी कामावरून येऊन दारात चप्पल काढत होते आणि स्वयंपाकघरातून माझा आवाज ऐकू आला. पाठोपाठ आईचं हसणं. ती हसायची तेव्हा आधी आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग एकदम ठसका लागायचा. तिने मला बोलावून मॉलची रील दाखवली. बघ, माझ्यासारख्या आणखीही बाया असतात, म्हणाली. त्या बाईला स्वतःची लाज वाटत नाही, म्हणून ती मला आवडते.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी चहा टाकला.

पुढे ती तिला निरोप पाठवायला लागली. तिला टाइप करता येत नसे, ती बटण दाबून बोलायची. पहिला निरोप आमच्याकडे कोणालाही पहिल्यांदा विचारतात तोच होता: "ताई, तुमी कोनता गावन्या?" मी माझ्या खोलीत होते, ती ओट्याजवळ. मधे एक पडदा. मला तो प्रश्न आधी पडद्यापलीकडून ऐकू आला आणि थोड्या वेळाने फोनवर.

उत्तर देण्याची गरज नव्हती. रोज शंभरएक लोक निरोप पाठवतात, मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन मी त्याच ॲपमधून बोलले. तापीकाठचं एक गाव सांगितलं, सध्या सुरतेजवळच्या सचिन गावाला राहते म्हटलं, नवरा मिलमध्ये, मूलबाळ नाही. खोटं फारसं लागलं नाही, कारण तिला थैलीवालीबद्दल ऐकण्यापेक्षा तिला सांगण्यातच जास्त रस होता. गुडघे दुखतात. नानांच्या हातांना रंगाने चट्टे पडलेत, ते डॉक्टरकडे जात नाहीत. मंदाला वाटतं सुरतेत आपण मजेत आहोत. मुलगी स्थळांना नाही म्हणते. मुलगी आता गावाला येत नाही, सुट्टी मिळत नाही म्हणते, पण मला माहीत आहे की तिला लाज वाटते.

हे शेवटचं मी ऑफिसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत ऐकलं.

त्यानंतर मी तिच्या गुडघ्यांसाठी तेल आणलं. नानांसाठी मलम आणलं आणि रागावून लावायला लावलं. चेतनच्या लग्नाला येते, सुट्टी काढलीय, असंही सांगितलं. आईने थैलीवालीला कळवलं: "मनी आंडेरले न सांगताच समजी जास." आंडेर म्हणजे मुलगी. मग थोडं थांबून म्हणाली, ती भलती शिकलेली आहे, घरात बोलते पण मराठीत बोलते. "तुमना आवाज आयका का माले मनी माय याद येस."

दीड वर्ष हे चाललं. मी तिच्याशी इतकं कधीच बोलले नव्हते.

तर त्या शनिवारी साड्या घेऊन आम्ही बसने परत आलो. आईने थैली मांडीवर घेतली होती. वाटेत तिने मला विचारलं की कोणाला पहिल्यांदा भेटताना साडी दिली तर वाईट तर दिसत नाही. मी म्हटलं, नाही दिसत. घरी आल्यावर तिने खिचडी टाकली, आणि खिचडी शिजेपर्यंत बटण दाबून थैलीवालीला सांगितलं की आम्ही अमुक तारखेच्या गाडीने निघतोय, डबा हा, सीट नंबर हे. तुम्हीही त्याच बाजूला जाणार असाल तर उधन्याला भेटा, माझी आंडेर सोबत आहे, तिचीही ओळख होईल.

मी तेव्हा ठरवलं की गाडीत सांगायचं. डब्यात माणसं असतील, तिला फार रागावता येणार नाही. बहुतेक आधी चिडेल, मग खांदे हलतील. मी गच्चीवर गेले आणि एकच शब्द बोलून पाठवला. "येसू." येईन.

खाली आले तेव्हा ती तो ऐकत होती. दोनदा ऐकला. मग तिने मला जेवायला वाढलं आणि नानांच्या डब्यासाठी लोणचं काढून ठेवलं.

रविवारी सकाळी नाना पाळीवर गेलेले होते. आई पाणी भरत होती. भिंतीला टेकून बसली आणि डोकं जड झालंय म्हणाली. मी झोपेतच, झोप थोडी, असं काहीतरी म्हटलं. शेजारच्या रंजनाकाकूंनी हाक मारली तेव्हा उठले. रिक्षातून दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी दीड वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. नाना मिलमधून तसेच आले होते, त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

सवाष्ण गेली की तिला माहेरची साडी नेसवतात. मावशी गावाहून निघाली होती, पण ती गाडीत होती आणि तोवर थांबता येत नव्हतं. रंजनाकाकूंनी नवी साडी कुठे आहे विचारलं. मी कालची पिशवी दाखवली. माहेरच्या लग्नासाठीच घेतलीय ना, मग माहेरचीच झाली, असं बायकांनी आपसात ठरवलं आणि हिरवी काढली.

दहाव्यासाठी आम्ही गावाला गेलो, नाना, मी आणि मंदामावशी. उधन्याला गाडी लागली तेव्हा आमच्या पुढच्या एका कुटुंबाने खिडकीतून रुमाल टाकला, मग टॉवेल, मग एक चार-पाच वर्षांची मुलगी. ती आत जाऊन सीटवर आडवी झाली आणि हातपाय पसरून ओरडायला लागली की ही आमची आहे. तिच्या आईने दारातून तिला शाबासकी दिली. मी हे सगळं तीन वर्षं सांगत होते आणि ते बरोबर होतं, एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नव्हती. मला त्यात हसण्यासारखं काय वाटलं होतं, तेही आठवत होतं.

नंदुरबार आलं. मग मावशीने डबा उघडला आणि नानांना भाकरी दिली. नानांनी ती हातात धरून ठेवली. समोरची बाई मावशीला विचारत होती, तुम्ही कोणत्या गावच्या. मावशीने गाव सांगितलं, कोण गेलं ते सांगितलं, मग त्या बाईने तिच्या घरातली दोन माणसं सांगितली. अर्ध्या तासात त्या एकमेकींना नावाने हाक मारायला लागल्या. आई असती तर तिने हे काम नवापूरच्या आधीच केलं असतं.

दहाव्याचं नदीवरचं उरकलं. दुपारी माणसं जेवून पांगली आणि मावशीच्या ओट्यावर आम्ही चौघंच उरलो: नाना, मावशी, मी आणि आईची ती वयस्क आत्या, जिला तपकिरी साडी ठरली होती. चेतन मांडववाल्याला तारीख पुढे ढकलल्याचं सांगायला गेला होता. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, त्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या.

मावशीने फोन काढला आणि थैलीवालीची एक जुनी रील लावली. सेटवाली. एकच बाई सहा वेळा चालून गेली, हे वाक्य आलं आणि मावशीला हसू फुटलं, मग तिने पदर तोंडाला लावला. माझा आवाज ओट्यावरून अंगणात जात होता. एक कोंबडी थांबून ऐकल्यासारखी करत होती. आत्याबाईंनी डोळे न उघडता विचारलं, कोण आलंय.

मावशी म्हणाली की या बाईने बारा दिवस काही टाकलेलं नाही. लोक खाली विचारतायत, ताई कुठे गेल्या. मग तिने नानांकडे पाहिलं आणि आईचं, उषाचं, नाव घेतलं. उषा तिला बहीण म्हणायची, हे तुम्हाला माहीत आहे ना. माझी एक बहीण सचिनला आहे, असं तिने मलाच फोनवर सांगितलं होतं, आणि मला जरा रागही आला होता. पण आता त्या बाईला कोणी कळवलं का?

नानांनी मान हलवली. त्यांच्या लक्षात होतं. ते म्हणाले की रोज डोक्यात येतं आणि राहून जातं. ती बाई लग्नाच्या गाडीला उधन्याला येऊन उभी राहील. डब्याचा नंबर उषाने दिलेला आहे. बिचारी डब्या-डब्यात शोधत बसेल.

आईचा फोन नानांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांनी तो काढला, रुमालाने पुसला आणि माझ्याकडे दिला.

"तुले काही अहिराणी येस नही," ते म्हणाले. "मंदा बोली. तू फक्त बटन दाबी धर."

त्यात टोमणा नव्हता. ते जे खरं समजत होते ते बोलले.

मी फोन घेतला. आई आणि थैलीवाली, वरपासून खालपर्यंत नुसते आवाज. सगळ्यात खाली माझा, एका सेकंदाचा. मावशी सरकून माझ्याजवळ आली, पदर नीट केला, घसा साफ केला. फोनवर बोलताना ती नेहमी उभी राहते, तशी उठून उभी राहिली. मी बटण दाबून धरलं.

"ताई," मावशी म्हणाली, "मी मंदा. उषानी बहीन. आमनी उषा..."

पुढचं तिला म्हणता येईना. ती पुन्हा, आमनी उषा, इथपर्यंत आली आणि थांबली. नाना जमिनीकडे पाहत होते. बटणाखाली सेकंद वाढत होते. मला एवढंच करायचं होतं की थोडा वेळ बोट तसंच ठेवायचं. निरोप गेला असता. संध्याकाळी गोठ्यामागे जाऊन मी जाड आवाजात दोन शब्द रडून पाठवले असते, आणि या दोघांना बरं वाटलं असतं. थैलीवाली हळूहळू बंद पडली असती. कोणाचंच काही बिघडलं नसतं.

मी बोट बाजूला ओढून निरोप रद्द केला.

"काय व्हयनं? गया का?" मावशीने विचारलं.

मी नाही म्हटलं. सात वर्षांची असल्यापासून मी ही भाषा माणसांसमोर बोलले नव्हते, फक्त थैलीसमोर, आणि ॲपमधून न जाता माझा आवाज तिच्यात कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. तो बारीक लागला.

"नाना," मी म्हणाले, "थैलीवाली दुसरी कोनी नही. ती मीच शे. माय इतला दिन मनासंगेच बोले. मी तिले सांगं नही."